कुंभारीण आणि गेलेली पिशवी

डोंगर. डोंगराखाली घर.
घराला पडवी. पडवीच्या भिंतीला खिळा. खिळ्याला पाना.
आणि पान्यात कोण?
पान्यात कुंभारीण!

कुंभारीण म्हणजे एक माशी. एवढीशी. कंबर दोऱ्याएवढी. चिखलाचं घर बांधणारी.

पाना होता नळीसारखा. लांब, पोकळ. मोटरसायकलचा प्लग काढायचा पाना. म्हणून त्याचं नाव प्लगपाना.

कुंभारणीला तो फार आवडला. तिने ओढ्यावरून चिखल आणला. गुंईं गुंईं. त्याच्या गोळ्या केल्या. गुंईं गुंईं. नळीत तीन खोल्या बांधल्या. खोलीत एकेक पिल्लू ठेवलं. बाहेर मातीचं दार लावलं.

पिल्लं वाढली. मोठी झाली. आतून आवाज यायला लागला. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

"आता निजा," कुंभारीण म्हणाली. "सकाळी ऊन पडलं, की दार फोडायचं. आणि भुर्रकन बाहेर यायचं."

आणि ती ओढ्यावर गेली. रात्री गवताच्या काडीवर झोपली.

इकडे घरात काय चाललं होतं?
सामान भरणं चाललं होतं.

सारंग आणि केतकी. त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. दोघं मोटरसायकलवरून लांब जाणार होती. लांब म्हणजे किती लांब? जिथे जमीनच मिठाची आहे, पांढरी पांढरी, तिथवर.

सारंगने कापडी पिशवी पसरली. तिला कप्पेच कप्पे.
छोटे पाने आत. खण्!
पक्कड आत. खट्!
स्क्रू ड्रायव्हर आत. सुर्र!
हवा भरायचा पंप आत. फुस्स!
आणि भिंतीवरचा प्लगपाना?
तोही आत. खळ्ळ!

"अहो," केतकी म्हणाली, "त्या पान्यात काहीतरी दिसतंय."
"पान्यात काय असणार, केतकी? पाना म्हणजे पाना," सारंग म्हणाला.
त्याने पिशवी गुंडाळली. नाडी बांधली. करकचून!

मग सारंगची आई आली. हातात पंचांग.
"मुहूर्त आत्ताचा आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही निघणार सकाळी. मग प्रस्थान ठेवा."
"प्रस्थान म्हणजे काय, आई?" केतकीने विचारलं.
"अगं, बरोबर न्यायचं एक गाठोडं आधीच घराबाहेर ठेवायचं. ठेवलं, की ते गेलं. मग ते घरात परत आणायचं नाही. मध्येच उघडायचं नाही. निघताना गाडी आली, तिने उचललं, की मगच उघडायचं."
"हीच पिशवी ठेवतो," सारंग म्हणाला.

रस्त्यापलीकडे एक गिरणी होती. बंद पडलेली. दाराला कुलूप. कुलपाला गंज. सारंगने तिच्या ओट्यावर पिशवी ठेवली. आणि मागे न बघता घरी आला.

पिशवी तिथेच होती.
पण पिशवी गेली होती.

सकाळ झाली. ऊन मात्र नव्हतं. धुकं होतं. गिरणीच्या मागून आलेलं. पांढरं, गप्प.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. पडवीत आली. बघते तर काय? नुसता खिळा!

"खिळ्या, खिळ्या, पाना कुठाय?"
 खिळा बारीक आवाजात म्हणाला, "पिशवीत गेला."
"आणि पिशवी कुठाय?"
"गेली."
"कुठे गेली?"
"गिरणीच्या ओट्यावर."
"मग ती तिथे आहे ना?"
"आहे," खिळा म्हणाला. "पण गेली."

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. गिरणीच्या ओट्यावर आली.
पिशवी बसली होती. एकटी. दवाने ओली.
आतून आवाज आला. कुर्र कुर्र.

"पिशवी, पिशवी, तोंड उघड. आत माझी पिल्लं आहेत. ऊन पडलं की ती दार फोडतील. बाहेर यायला वाट नको का?"

पिशवी बोलली. पिशवी होती समोर. पण आवाज आला लांबून. फार लांबून. त्या आवाजाला मिठाचा वास होता.

"मी नाही उघडत. मी इथे नाहीच. मी तर गेले. गाडी येईल तर उघडीन."

धुकं ओट्यावरून उतरलं. रस्त्यावर आलं.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. अंगणात आली.
अंगणात काहीतरी मोठ्ठं उभं होतं. अंगावर पांढरं पांघरूण. पांघरुणाखाली दोन शिंगं. दोन शिंगांच्या मध्ये एकच डोळा.
कोण ते? गाडी!

"गाडी, गाडी, चल ना."
"का गं?" गाडी म्हणाली. घोगऱ्या आवाजात.

"पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

गाडीने डोळा उघडला नाही. नुसतं पांघरूण हललं. वारा तर नव्हता.
"मी नाही येत. प्लग पेटेल तर येईन."

धुकं रस्त्यावरून उठलं. फाटकाशी आलं.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. पांघरुणाखाली शिरली. गाडीच्या पोटाशी गेली. तिथे अंधार. तेलाचा वास. अंधारात कुणीतरी खोकलं. खॉक खॉक.
कोण ते? प्लग!

"प्लगा, प्लगा, पेट ना."
"का गं?" प्लग म्हणाला. खॉक खॉक.

"गाडी काही येईना,
पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

"मी कसा पेटू? मी काजळीने काळा झालोय. मी नाही पेटत. ब्रश घासेल तर पेटेन."

धुकं फाटकातून आत आलं. फाटक बंद होतं. तरी आलं.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. मोरीत आली. मोरीच्या कोनाड्यात कुणीतरी बसलं होतं. अंगभर काटे. काट्यांच्या आत डोळे आहेत की नाहीत, कळेना.
कोण ते? तारेचा ब्रश! सारंग त्याला पिशवीत भरायला विसरला होता. म्हणून तो रुसला होता.

"ब्रशा, ब्रशा, घास ना."
"का गं?" ब्रश म्हणाला. खर्र खर्र.

"प्लग काही पेटेना,
गाडी काही येईना,
पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

"सगळे गेले पिशवीत. मी राहिलो मोरीत. मी नाही घासत. सारंग उठेल तर घासीन."

धुकं अंगणात आलं. तुळशीभोवती फिरलं. पडवीची पायरी चढलं.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. खोलीत आली. खाटेवर गोधडी होती. गोधडी वर जायची. गोधडी खाली यायची. घुर्र... घुर्र... नुसतं एक नाक बाहेर.
कोण ते? सारंग!

"सारंगा, सारंगा, ऊठ ना."
"का गं?" सारंग म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. तो झोपेतच बोलत होता.

"ब्रश काही घासेना,
प्लग काही पेटेना,
गाडी काही येईना,
पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

सारंगने कूस बदलली.
"पाना नाही हातात. उठून काय करू? मी नाही उठत. पाना निघेल तर उठीन."
घुर्र... घुर्र...

धुकं खिडकीशी आलं. काचेला तोंड लावून आत बघत बसलं.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं. पाना कुठे होता? पिशवीत. पिशवी कुठे होती? गिरणीच्या ओट्यावर. ती पुन्हा गिरणीच्या ओट्यावर आली.
पिशवीला कान लावला.

"पान्या, पान्या, नीघ ना."
"का... गं...?" पाना म्हणाला. त्याचा आवाज पिशवीहून लांबून आला. विहिरीच्या तळातून यावा तसा.

"सारंग काही उठेना,
ब्रश काही घासेना,
प्लग काही पेटेना,
गाडी काही येईना,
पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

"मी... नाही... निघत... पिशवी... उघडेल... तर... निघेन..."

"पिशवी?" कुंभारीण म्हणाली. "पण पिशवीकडेच तर आधी गेले होते!"

मग धुक्यातून एकेक आवाज आला.
"गाडी येईल तर उघडीन," लांबून पिशवी म्हणाली.
"प्लग पेटेल तर येईन," अंगणातून गाडी म्हणाली.
"ब्रश घासेल तर पेटेन," अंधारातून प्लग म्हणाला.
"सारंग उठेल तर घासीन," मोरीतून ब्रश म्हणाला.
"पाना निघेल तर उठीन," झोपेतून सारंग म्हणाला.
"पिशवी... उघडेल... तर... निघेन..." तळातून पाना म्हणाला.
"गाडी येईल तर उघडीन," लांबून पिशवी म्हणाली.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. आवाज गोल फिरायला लागले. कुंभारणीभोवती फिरायला लागले. मध्ये कुंभारीण, एवढीशी. आणि भोवती सगळं पांढरं. घर दिसेना. डोंगर दिसेना. स्वतःचे पंखही दिसेनात.

धुक्याच्या वरच्या टोकाला लाल रेघ आली.
ऊन येणार होतं.
आतून आवाज आला. कुर्र... कुर्र...
मग नुसतंच, कुर्र...
मग काहीच नाही.

कुंभारीण उडाली. गुंईं गुंईं गुंईं गुंईं! कुठे जातेय ते तिला दिसेना. उडाली, उडाली, आणि थडकली. टप्!

कशावर थडकली? चहाच्या कपावर.
कप कुणाचा? केतकीचा!

केतकी पडवीच्या पायरीवर बसली होती. मघापासून बसली होती. केतकी बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिने कुंभारणीला जाताना बघितलं होतं, येताना बघितलं होतं. भिंतीवरचा रिकामा खिळाही बघितला होता. खिळ्याखाली फरशीवर मातीचे बारीक बारीक कण पडले होते. तेही तिने बघितले होते.

"का गं?" केतकी म्हणाली. हळूच.

"पाना काही निघेना,
सारंग काही उठेना,
ब्रश काही घासेना,
प्लग काही पेटेना,
गाडी काही येईना,
पिशवी काही उघडेना,
माझी पिल्लं सुटेनात!"

केतकीने चहाचा एक घोट घेतला. मग विचारलं,
"गाडी येईना, की गाडी सुरू होईना?"
कुंभारीण कपाभोवती फिरली. गुंईं गुंईं.
"सुरू नाही झाली, तरी गाडीला चाकं आहेत ना?"
"मग चल," केतकी म्हणाली. आणि कप खाली ठेवला.

तिने पांघरूण ओढलं. फर्रर्र!
किल्ली फिरवली. खट्!
स्टँड वर केला. खटाक्!
आणि दोन्ही शिंगं धरून गाडी ढकलली. हंऽऽ! गाडी हलेना. हंऽऽ! गाडी हलेना.

दारात सारंगची आई आली. हातात दह्याची वाटी.
"अगं बाई! निघायच्या आधीच गाडी ढकलतेस? लोक काय म्हणतील?"
"धुकं आहे, आई. लोकांना दिसणार नाही."
"तरी पण!"
"आई, प्रस्थान उचलायला गाडी आली पाहिजे, एवढंच ना?"
"एवढंच."
"ती आवाज करत आली पाहिजे, असं कुठे लिहिलंय का?"

आईने विचार केला. पंचांग आठवलं. तिच्या सासूने सांगितलेलं आठवलं. सासूच्या सासूने सांगितलेलंही आठवून बघितलं.
"नाही बाई. असं कुणीच नाही म्हणालं."
"मग मागून धक्का द्या."

आईने दह्याची वाटी पायरीवर ठेवली. पदर खोचला.
हंऽऽ! हंऽऽ! हंऽऽऽ!
आणि गाडी हलली. चर्र... चर्र... चर्र...

खोलीत सारंगने कूस बदलली. एक डोळा उघडला. खिडकीतून बाहेर बघितलं.
धुक्यातून गाडी चालली होती. आवाज नाही. दिवा नाही. वर कुणी बसलेलं नाही. आपली आपण चालली होती.
"गाडी! माझी गाडी!" सारंग ओरडला. "आई गं! गाडी आपोआप चाललीय!"
"आपोआप कुठली?" धुक्यातून आईचा आवाज आला. "तुझी आई ढकलतेय. चल, ये इकडे!"
सारंग उठला. गोधडीसकट धावला. मोरीतला ब्रश दिसला. तोही उचलला. धप धप धप!

गाडी फाटकातून गेली. चर्र चर्र. रस्ता ओलांडला. चर्र चर्र. गिरणीच्या ओट्याशी येऊन थांबली. चर्रर्र.

"पिशवी, पिशवी, गाडी आली," केतकी म्हणाली.
आणि तिने पिशवी उचलली.

पिशवी बोलली. आता लांबून नाही. इथूनच. कानाजवळून.
"आले."

केतकीने नाडी ओढली. सुळ्ळ!
गाडी आली, तशी पिशवी उघडली.
पिशवी उघडली, तसा पाना निघाला.
आणि तेवढ्यात धुकं फाटलं. ऊन पडलं. पान्याच्या तोंडावर पडलं.

सगळे बघत राहिले.
काहीच आवाज नाही.
काहीच नाही.
काहीच...

टक्!
मातीच्या दाराला बारीकसं भोक पडलं. भोकातून मिशी आली. मिशीमागून डोकं. डोक्यामागून पंख.
एक पिल्लू. भुर्र!
दुसरं पिल्लू. भुर्र!
आणि तिसरं? तिसरं अडकलं. केतकीने पाना हळूच तिरका केला. मग तेही आलं. भुर्र!

"पान्यात काहीतरी आहे, म्हणाले होते ना मी," केतकी म्हणाली.
"हं," सारंग म्हणाला. आणि गोधडी सावरली.

केतकीने ओट्यावर पाना आपटला. ठक ठक. माती झडली. पाना मोकळा झाला.
पाना मोकळा झाला, तसा सारंगने हातात घेतला. करकर फिरवला, प्लग काढला.
प्लग निघाला, तसा ब्रश घासला. खर्र खर्र!
ब्रश घासला, तसा प्लग चकचकीत झाला. परत जागेवर बसला.
प्लग बसला, सारंगने किक मारली, तसा प्लग पेटला. ठिक्!
प्लग पेटला, तशी गाडी म्हणाली, डुग डुग डुग डुग! आणि तिने डोळा उघडला. लख्ख!

पाना पिशवीत गेला. आणि या वेळी ब्रशही पिशवीत गेला. त्याचा रुसवा गेला.

"आता हिच्या घराचं काय?" आईने विचारलं. रस्त्यापलीकडे, पडवीत, कुंभारीण रिकाम्या खिळ्याभोवती फिरत होती. गुंईं गुंईं. गुंईं गुंईं.

केतकी पडवीत गेली. कोपऱ्यात जुन्या पंपाची नळी पडली होती. लांब, पोकळ. तिने ती तारेने खिळ्याला बांधली. घट्ट.
"ही तुझी," ती कुंभारणीला म्हणाली. "ही कुठे जाणार नाही. हिला कुणी भरणार नाही, कुणी बांधणार नाही."
"मी बघते ना," आई म्हणाली. "कोण हात लावतंय ते!"

आईने दोघांच्या हातावर दही घातलं. दोघं गाडीवर बसली.
"येते हं, आई," केतकी म्हणाली.
"या," आई म्हणाली. "लौकर या."

डुग डुग डुग डुग... गाडी वळणापाशी गेली. वळणाआड गेली. आवाज बारीक झाला. मग राहिलाच नाही.

गिरणीच्या ओट्यावर दव पडलं होतं. ओटा सगळा ओला होता. जिथे पिशवी बसली होती, तेवढीच जागा कोरडी होती. उरलंसुरलं धुकं हळूच आलं. त्या कोरड्या जागेवर बसलं. गोल, पिशवीएवढं.
आणि आईला वाटलं, कुणीतरी लांबून म्हणालं,
"गेले..."

आईने फाटक लावलं. पडवीत आली.
पडवीत खिळा. खिळ्याला नळी. नळीत कोण?
गुंईं गुंईं. गुंईं गुंईं.

नाडी सुटली, पिल्लं सुटली,
धुक्याची गोधडी फाटली,
गाडी गेली वळणाआड,
गोष्ट निजली दाराआड.